दोरीपाशी उभी असलेली मुलगी

लेकीनं आईला मोबाइलवर एक जुनी चित्रफीत पाठवली आणि सोफेवाल्याच्या घरातली शांतता गेली.

सोफेवाला म्हणजे सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवणारा. खाली दुकान, वर घर. खाली फोमचे तुकडे, काथ्या, स्प्रिंगा, तुटक्या पायांच्या खुर्च्या. वर दोन खोल्या, त्यात तो आणि बायको. बायको नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या वाकवून कानामागे नीट करून द्यायची. लेक लग्न होऊन लांब गेलेली. एकूण बरं चाललं होतं. संसाराच्या गाडीचं कुठलंच चाक आता फार करकरत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी तो चहा पीत बसला होता. बायको मोबाइल डोळ्यांपासून दूर धरून बघत होती. चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई, पण स्वतःचा चष्मा वेळेवर सापडला तर शपथ.

"अहो, इकडे बघा. ही मीच का हो?"

त्यानं बघितलं. कुणा हौशी माणसानं फार वर्षांपूर्वी कॅमेऱ्यावर घेतलेला कार्यक्रम होता. त्या माणसाच्या मुलांना माळ्यावर रिळं सापडली होती आणि त्यांनी ती साफ करून इंटरनेटवर टाकली होती. विटलेले रंग, मोकळं मैदान, फळ्यांचं स्टेज. स्टेजवर काडी.

काडी म्हणजे त्या काळचा गाणारा. अंगानं काडीसारखा, म्हणून काडी. गळ्यात मेंडोलिन अडकवलं की वाटायचं, आता हा त्याच्या वजनानंच पुढे पडणार. पण तोंड उघडलं की मैदानाच्या पार टोकाला उभा असलेला माणूसही मान वर करायचा. तीन-चार वर्षं रेडिओला त्याच्यावाचून दुसरं काही सुचत नव्हतं. आणि मग ऐन भरात तो गेला. पोटात दुखत असताना कार्यक्रम करत राहिला, शेवटी अपेंडिक्स फुटलं. तिशीही गाठली नव्हती. पोरी दिवसच्या दिवस जेवल्या नाहीत म्हणे.

चित्रफितीत काडी गात गात स्टेजवरून उतरला आणि गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीच्या कडेकडेनं चालू लागला. पोरापोरींचे हात लांबले, किंचाळ्या, ढकलाढकली. आणि त्या सगळ्या गदारोळात एक दोन वेण्यांची मुलगी दोरी दोन्ही हातांनी धरून नुसती उभी. हात पुढे करत नव्हती, ओरडत नव्हती. काडी तिच्यासमोरून गेला आणि तिची मान त्याच्याबरोबर वळत गेली. कॅमेरेवाल्यालाही ती आवडली असावी. तो तिच्यावर चांगला रेंगाळला होता.

"तुझ्यासारखी दिसते खरी," सोफेवाला म्हणाला.

"माझ्यासारखी काय, मीच आहे! ही कॉलर आईनं शिवलेली. आणि बाजूला बुटकी बघा, किती रडतेय." बुटकी म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण. बायको हसत सुटली. "बाई गं! काय ध्यान दिसत होते मी!"

ध्यान दिसत नव्हती. तिथंच तर घोडं पेंड खात होतं. सोफेवाल्यानं बायकोचे सगळे चेहरे पाहिले होते. लग्नातला घाबरलेला, लेक झाली तेव्हाचा दमलेला, वडील गेले तेव्हाचा, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा गोड, त्याच्याशी बोलतानाचा त्याहून कमी गोड. पण दोरीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलीच्या तोंडावर जे होतं, ते त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. कुठल्याही निमित्तानं, एवढ्या वर्षांत, एकदाही नाही.

"चहा गार झाला," तो म्हणाला आणि खाली निघून गेला.

पुढचे दिवस काही विचारू नका. चष्म्याच्या दुकानात येणारी माणसं बायकोला म्हणायला लागली, "काकू, त्या व्हिडिओतल्या तुम्हीच ना?" बुटकीचा फोन रोज यायला लागला. दोघी अर्धा अर्धा तास खिदळायच्या, मध्येच गप्प व्हायच्या, पुन्हा खिदळायच्या. घरात काडीची गाणी सुरू झाली. भांडी घासताना काडी, कपडे वाळत घालताना काडी. बायकोची चालसुद्धा बदलली. जिन्यावरून उतरताना ती हल्ली कठड्याला हात लावत नव्हती.

काडी पोटात दुखून गेला होता. आता सोफेवाल्याच्या पोटात दुखायला लागलं.

तो दुकानात एकटा असला की ती चित्रफीत लावायचा. आवाज बंद करून. गाणं त्याला ऐकायचंच नव्हतं, फक्त ती दोरी बघायची होती. मुलगी दिसली की थांबवायचा आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघत बसायचा. एखाद्यानं दुखरा दात जिभेनं पुन्हा पुन्हा चाचपावा तसं. मग दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी कपाटाच्या आरशात स्वतःकडे बघायचा. पोट सुटलेलं, भुवयांवर फोमची भुकटी, तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून धरून खालचा ओठ कायमचा पुढे आलेला.

शेजारी किल्ल्या बनवणारा होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो दारातून डोकावून म्हणाला, "काय सोफेवाले, वहिनी तर फेमस झाल्या! आता तुम्हाला कोण विचारतंय?"

"पूर्वी तरी कोण विचारत होतं," सोफेवाला म्हणाला. किल्लीवाला हसला. सोफेवाल्याला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या सोफ्याचं काम बिघडलं. मखमलीला लव असते, ती सगळीकडे एकाच बाजूला बसवायची असते. हे त्याला शिकाऊ असताना मालकानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि त्यानं जन्मात कधी चूक केली नव्हती. आता सोफ्याचा एक हात सुलटा आणि एक उलटा. डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं, "हा हात काळपट का दिसतो?" सोफेवाल्यानं बघितलं आणि त्याचे कान तापले. सगळं उसवून पुन्हा करावं लागलं. उसवता उसवता तो पुटपुटला, "मेल्यावरसुद्धा काडी लावून गेला हा माणूस."

जेवताना त्याचा तोल गेला. बायको सांगत होती की काडीच्या आठवणींचा एक कार्यक्रम ठरतोय. त्याचा जुना ड्रमवाला येणार आहे, आणि चित्रफितीत जी जी माणसं ओळखू आली त्यांना बोलावलंय.

"मेलेल्या माणसाचं बरं असतं," तो म्हणाला. "पोट सुटत नाही, केस गळत नाहीत. घोरत नाही. गॅसचा नंबर लावायला विसरत नाही."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. "कुणाबद्दल बोलताय?"

"कुणाबद्दल नाही. एकंदरीत."

"तुम्ही येणार का कार्यक्रमाला?"

"मला काम आहे."

"बरं," ती म्हणाली. आग्रह केला नाही. तेच त्याला जास्त झोंबलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती केस धुऊन, नवे कपडे घालून बुटकीबरोबर गेली. ती कोपऱ्यावरून वळली आणि सोफेवाल्यानं हातोडी खाली ठेवली. दुकानाचं शटर ओढलं, अंगावरची भुकटी झटकली आणि दुसऱ्या रस्त्यानं तोही निघाला. स्वतःच्याच बायकोवर नजर ठेवायला चाललेला माणूस फार ऐटीत चालू शकत नाही. तो भिंतीच्या कडेकडेनं गेला.

नगरपालिकेच्या वाचनालयाचं सभागृह होतं. पुढच्या रांगा बायकांनी भरलेल्या, नुसता किलबिलाट. मागं दाराशी, चहाच्या टेबलाजवळ, पाच-सहा पुरुष हात पाठीमागे बांधून उभे होते. सोफेवाला जाऊन त्यांच्यात उभा राहिला. एक जाडजूड माणूस, बेकरीवाला निघाला, हळूच म्हणाला, "तुमची कोणती?"

"दुसऱ्या रांगेतली. हिरव्या कपड्यातली."

"म्हणजे दोरीवाली?" बेकरीवाल्यानं त्याच्याकडे अतीव दयेनं बघितलं. "अरेरे. माझी नुसती मागच्या गर्दीत दिसते, अर्धीच. तरी महिनाभर ती बेकरीत पावाला हात लावत नाहीये. तुमचं तर अवघडच असेल."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं सांगितलं की त्यांच्या घरी काडीचा फोटो फ्रिजवर लागलाय, आणि फ्रिज उघडताना त्याची नजर चुकवावी लागते. सगळे हसले. सोफेवाल्याला जरा बरं वाटलं. दवाखान्याच्या बाकावर आपल्यासारखीच पाय मोडलेली माणसं भेटली की वाटतं तसं. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

ड्रमवाला आला. म्हातारा झाला होता, एका कानानं ऐकू येत नव्हतं. तो थोडं बोलला, मग म्हणाला, "मी तर बोलबोलून कंटाळलो. तुमच्यापैकी कुणाला काही आठवत असेल तर सांगा." थोडी कुजबुज झाली, बुटकीनं कुणाला तरी कोपरानं ढोसलं आणि सोफेवाल्याची बायको उठून उभी राहिली.

लग्नात चार माणसांसमोर दोन शब्द बोलायचे तर जिची बोबडी वळली होती, ती बाई माईक हातात धरून बोलायला लागली.

"त्या दिवशी कार्यक्रम संपला आणि गर्दीत माझी मैत्रीण हरवली," ती म्हणाली. "घसा सुकला होता म्हणून मी स्टेजच्या मागं नळावर गेले. तिथं एका उलट्या खोक्यावर काडी बसला होता. एकटाच. पोटाशी हात दाबून, वाकून. मला म्हणाला, पाणी देतेस का? नळाला पेला होता पण साखळीनं बांधलेला. साखळी खोक्यापर्यंत पुरेना. मी ओढून बघितली, नाही पुरली. मग तोच उठला, वाकत वाकत आला आणि मी पेला धरला, तो पाणी प्याला. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. तो म्हणाला, दाखवतो, दोन कार्यक्रम आहेत ते झाले की दाखवतो, लोक लांबून येतात."

तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला.

"मग मला म्हणाला, आज कसं झालं? खरं सांग. सगळे छान छान म्हणतात. मी म्हटलं, तिसरं गाणं बिघडवलंत. घाईत म्हणालात. कुठं गाडी सुटणार होती का?"

हशा पिकला. बायकोही हसली, पण तिचा आवाज जरा ओला झाला. "तो हसायला लागला आणि कळवळला. म्हणाला, हसवू नकोस गं, दुखतं. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली. झालं, एवढंच. पुढच्याच आठवड्यात बातमी आली."

ती बसणार तोच ड्रमवाला खुर्चीतून अर्धा उठला. चांगला कान पुढे करून म्हणाला, "ती तुम्ही होय? हाक मीच मारली होती! दुसऱ्या दिवशी तालमीत म्हणाला, तिसरं गाणं संथ घ्या रे, काल एक पोरगी मला रागावली. शेवटचे दोन्ही कार्यक्रम आम्ही ते संथ घेतलं. आता तुम्ही सगळे जे ऐकता ना, ते शेवटच्या कार्यक्रमाचंच आहे."

मग काय! टाळ्या थांबेनात. बायका उठून उभ्या राहिल्या. बुटकी तर अशी रडायला लागली की तिला पाणी द्यावं लागलं. मागं दाराशी बेकरीवाल्यानं सोफेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. आतापर्यंत निदान एवढं होतं की काडीला हिचं नावगाव ठाऊक नव्हतं, हजारांतली एक. आता काय? आता ती गाण्यातच जाऊन बसली होती. जो जो ते गाणं ऐकेल त्याच्या कानात सोफेवाल्याची बायको.

ती बाहेर आली आणि तिला नवरा दारात दिसला.

"अय्या, तुम्ही? काम होतं ना?"

"झालं."

दोघं घरी चालत निघाले. ती उजळलेली, तो कुढत. दिव्याच्या दोन खांबांएवढं अंतर गेल्यावर त्याच्यानं राहवेना.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय?"

"पाणी. साखळी. तिसरं गाणं. बाहेरच्या दीडशे माणसांना सांगितलंस. मी कोण? रस्त्यावरचा?"

तिची चाल मंदावली. "सांगणार होते एकदा."

"कधी?"

"लग्नाला दोन-एक महिने झाले असतील. रेडिओवर त्याचं गाणं लागलं. मी म्हटलं, अहो, ह्याला मी एकदा… तेवढ्यात तुम्हीच बोलायला लागलात. म्हणालात, हा मेला त्या दिवशी आमच्या मालकानं दुपारीच दुकान बंद केलं. अर्धी सुट्टी मिळाली. आम्ही सगळे खाणीतल्या पाण्यात पोहायला गेलो. काय मस्त दिवस होता!"

सोफेवाला थांबला. तो दिवस त्याला लख्ख आठवला. ऊन, गार पाणी, कडेवरून मारलेल्या उड्या. खरंच मस्त दिवस होता.

"मग?"

"मग काय. मी कांदा चिरायला घेतला."

"अगं, पण मला काय माहीत!"

"तुम्हाला माहीत नव्हतंच. म्हणून तर मी भांडले नाही. पण त्यानंतर सांगावंसंही वाटलं नाही."

आपलंच चुकलेलं असलं की माणूस जे करतो तेच त्यानं केलं. फुरंगटून बसला. तीही काही बोलायला आली नाही. तीन-चार दिवस घरात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं. काडीची गाणीही बंद झाली. ती तिनं त्याच्यासाठी बंद केली की त्याच्यावरच्या रागानं, हे काही त्याला कळेना, आणि विचारायची सोय नव्हती.

एका दुपारी, दुकानात, त्यानं पहिल्यांदाच चित्रफितीचा आवाज चालू केला आणि तिसरं गाणं ऐकलं. मग शेवटच्या कार्यक्रमातलं तेच गाणं शोधून ऐकलं. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं कळलं की पहिलं नुसतं कानावरून गेलं आणि दुसऱ्याला तो हातातलं काम सोडून बसला होता. म्हणजे बायकोचं बरोबर होतं. एकोणीस वर्षांच्या पोरीनं त्या एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर सांगितलं होतं आणि त्यानं ऐकलंही होतं.

त्याची जळजळ मग अजूनच वाढली. पण आता त्या जळजळीचं तोंड दुसरीकडे वळलं. तो दोरीपाशीचा चेहरा वगैरे राहिला बाजूला. त्याला वाटलं, एवढ्या वर्षांत हिनं माझ्या एका तरी कामाला नाव ठेवलं का? छान झालंय, म्हणायची. नेहमीच छान झालंय. जिन्यावरून उतरायची, बघायची, छान झालंय म्हणायची आणि कामाला जायची. काडीला मात्र बिघडवलंत म्हणाली होती.

संध्याकाळी ती कामावरून आली. जिना चढणार तोच त्यानं हाक मारली, "जरा इकडे ये."

वकिलांच्या कचेरीतला तीन माणसांचा सोफा पुरा होऊन मध्यभागी ठेवला होता. गडद निळं कापड, पाठीला बटणं. उद्या न्यायला येणार होते.

"कसा झालाय?"

"छान झालाय," ती म्हणाली.

"तसं नाही. नीट सांग."

"म्हणजे?"

"तिसऱ्या गाण्यासारखं सांग."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता ती त्याच सोफ्यावर बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. सोफेवाला मख्ख उभा, हातात कात्री. "हसायला काय झालं?"

"अहो, म्हणजे इतके दिवस… मला वाटलं तुम्ही त्याच्यावर जळताय."

"त्याच्यावर जळतोच आहे," तो म्हणाला. "हे वेगळं. हा सोफा कसा झालाय ते सांग."

ती उठली. बॅगेतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आणि पहिल्यांदाच त्याच्या कामाकडे गिऱ्हाइकाच्या नाकावरच्या फ्रेमकडे बघावं तसं बघू लागली. समोरून, बाजूनं, खाली वाकून. सोफेवाला कात्री घेऊन तिच्या मागं मागं फिरला.

"डाव्या हातात फोम जास्त झालाय, सुजल्यासारखा दिसतो," ती म्हणाली. "आणि बटणं तुम्ही फार घट्ट ओढता. नेहमीच. सोफा दचकल्यासारखा दिसतो. बसावं की नको असं वाटतं."

"नेहमीच?"

"पहिल्यापासून."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"तुम्ही आज विचारलंत."

त्याला राग आला, अगदी खरा राग आला. आयुष्यभर घट्ट बटणं हीच तर त्याची शान होती. त्यानं बटणांकडे बघितलं. एक बटण, दुसरं, तिसरं. आणि त्याला दिसलं. सगळा सोफा खरोखरच दचकलेला होता.

"काडीनं एका रात्रीत बदललं," तो घुम्यासारखा म्हणाला. "मला दोन दिवस लागतील. वकिलांना निरोप धाडावा लागेल."

ती पुन्हा बसली. तोही शेजारी बसला. त्यानं विचारलं, "तेवढंच झालं का तिथं, नळापाशी? की अजून काही?"

ह्या वेळी तिनं सगळं सांगितलं. सभागृहात बोलताना जे सुचलं नव्हतं ते. काडीच्या सदऱ्याला काखेत ठिगळ होतं. मेंडोलिन त्यानं खोक्याला टेकवून ठेवलं होतं आणि पाणी प्यायला उठताना तिला म्हणाला, जरा ह्याच्याकडे लक्ष दे. त्याचे हात थंडगार होते. आणि ती परत गर्दीत आली तेव्हा तिला जरा वाईटच वाटलं होतं.

"वाईट कशाचं?"

"जवळून तो अगदीच साधा होता हो. माझ्याहून बुटका. आणि कान एवढाले मोठे. स्टेजवर केसांत झाकायचा म्हणून दिसायचे नाहीत."

"कान मोठे?" सोफेवाला सावरून बसला.

"सुपासारखे."

सोफेवाल्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की काय सांगावं. कितीतरी दिवसांनी त्याला कुणीतरी काहीतरी दिलं होतं. सुपासारखे! त्यानं नकळत स्वतःच्या कानाला हात लावला.

"हो," बायको म्हणाली, "पण गाताना कानांकडे कुणाचं लक्ष जातं?"

आणि तो पुन्हा जिथल्या तिथं आला.

पुढं असं झालं की त्या बायकांची मंडळीच जमली. महिन्यातून एकदा वाचनालयात गाणी ऐकायची, गप्पा मारायच्या. बायको जायला लागली. त्या दिवशी सोफेवाला चुका जरा जोरातच ठोकायचा, हे किल्लीवाल्यानंसुद्धा ओळखलं होतं. मत्सर काही गेला नाही. सवयीचा झाला, सांधेदुखीसारखा. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. पण घरात रेडिओवर काडी लागला की तो आता गप्प बसायचा, आणि गाणं संपेपर्यंत दुसऱ्यालाही बोलू द्यायचा नाही. वकिलांना सोफा आवडला. बायकोनं तो जाण्याआधी पुन्हा बघितला आणि म्हणाली, "आता बसवेल." एवढ्यावर त्याचा आठवडा निघाला.

एकदा ती वरून खाली येत होती आणि दुकानातून नवऱ्याचा आवाज ऐकू आला. किल्लीवाला आणि कुणी एक गिऱ्हाईक समोर उभं होतं. किल्लीवाला सांगत होता की वहिनींनी काडीला स्टेजच्या पायरीवर पाणी नेऊन दिलं.

"पायरी कुठली? खोकं होतं. उलटं खोकं," सोफेवाला तोंडातल्या चुका हातावर काढून म्हणाला. "आणि नेऊन कसली देते, साखळी पुरत नव्हती. नीट ऐका, नाहीतर सांगूच नका." मग त्यानं सुरुवातीपासून सगळं सांगितलं, मैत्रीण हरवली तिथपासून. काखेतलं ठिगळ सांगितलं, थंडगार हात सांगितले. पेला धरताना तर तो स्वतःच वाकून दाखवत होता.

बायको जिन्यात उभी राहून ऐकत होती. गिऱ्हाईक गेल्यावर ती खाली आली. तिच्या कपाळाला आठी होती.

"गोष्ट माझी आहे ती," ती म्हणाली. "तुम्ही काय लोकांना सांगत सुटलाय? मला दुकानात कुणी विचारलं की आधीच म्हणतात, हो हो, सोफेवाल्यांनी सांगितलं."

"मग काय झालं? मी चुकीचं सांगितलं का?"

"चुकीचं नाही." ती जरा अडखळली. "माझ्यापेक्षा रंगवून सांगता."

सोफेवाल्यानं तिच्याकडे नीट बघितलं. शंकाच नव्हती. बाईच्या पोटात दुखत होतं. त्यानं चुका पुन्हा तोंडात धरल्या, म्हणजे हसू दिसणार नाही, आणि खुर्चीवर वाकला.

"आणि कान का नाही सांगितलेत?" तिनं विचारलं.

"कान कुणाला सांगायचे नाहीत," तो चुकांच्या आडून म्हणाला. "तेवढे माझे."